ईशान्येकडची घळ

१३ फेब्रु., गुरु.
मँचेस्टरहून निघून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर. कॉटेज डोंगराच्या अगदी पायथ्याशी. तन्वी लेक्चर्स बुडवून आलीय. एकोणीस वर्षांची घोडी, तरी बाबा म्हणेल ती पूर्व दिशा.
समीरने वाट ठरवूनही टाकली. दोन कड्यांमधली घळ. "सह्याद्रीत आपण नाळेनेच चढायचो ना? वारा लागत नाही, वाट चुकत नाही." खरंय. पण तिथल्या नाळेत बर्फ नव्हता.

१४, शुक्र.
खाली पाऊस, वर बर्फ. समुद्र जवळ, हवेचा काही भरवसा नाही. गेल्या आठवड्यात माथ्यापर्यंत पाऊस, मग कडक गारठा. जुन्या बर्फाची काच झालीय. तिच्यावर हा नवा. वारा नैऋत्येचा, म्हणजे सगळा उडून ईशान्येच्या उतारावर साठणार. घळ नेमकी तिकडेच. हिमस्खलनाच्या फोरकास्टमध्ये तो भाग नारिंगी, म्हणजे धोक्याचा.
वाचून दाखवलं. समीर म्हणे, "हिमालय आहे का हा? तीन हजार फुटांची टेकडी."
डोकं फिरलं. तन्वीसमोर भांडले नाही.

१५, शनि.
तिघं गेलो. घळीच्या खाली, उतार कमी होता तिथे, मी फावड्याने खड्डा खणला. मागच्या हिवाळ्यात बर्फातल्या चढाईच्या कोर्सला शिकवलं तसा, थर पक्के आहेत का बघायला. बर्फाचा एक ठोकळा सुटा करून हलकेच पुढे ओढला. ओढायचं निमित्त, वरचा नवा थर काचेवरून घसरून अख्खा हातात आला.
तन्वी : "बाबा, ते बघ ना, किती इझिली आला."
समीर : "एका खड्ड्यावरून अख्खा डोंगर ठरतो का?"
नाही ठरत. तेच तर...
परत फिरलो. लेकीसमोर त्याला तोंडघशी पाडलं म्हणे. असू दे.

१६, रवि.
आंघोळ करून आले तर दोघं गायब. तन्वीचा मेसेज : "आई, रागवू नको. रिजने जातोय. बाबानी प्रॉमिस केलंय."
रिजवरचा, म्हणजे डोंगराच्या धारेवरचा बर्फ वाऱ्याने उडून गेलाय, तिथे धोका कमी. मान्य. तरी खिडकीशी गेले.
दुर्बीण लावली. कालच्या खुणा वाऱ्याने पुसल्यात. आजच्या पावलांच्या दोन रांगा, ओढ्यापर्यंत शेजारी-शेजारी. तिथून धार उजवीकडे. खुणा उजवीकडे वळलेल्या बघून जीव भांड्यात पडला. मग नीट पाहिलं. उजवीकडे एकच रांग होती. दुसरी डावीकडे, घळीत.
उजवीकडची तन्वीची असू दे, हे आधी मनात आलं. समीर नंतर. लिहितानाही लाज वाटतेय.
दोघांचे फोन लागत नाहीत. ढग खाली उतरलाय, आता काहीच दिसत नाही.
रेस्क्यूला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, घळीत कोण आहे?
माहीत नाही म्हणाले.