पाच मोजेपर्यंत

१ एप्रिल २०२४, सोमवार

लागलो बुवा नोकरीला. तारखेवरून बायकोनं, भानुमतीनं, सकाळीच टोमणा मारून घेतला. तिचा हक्क आहे. वर्षभर मी घरात बसून तिच्या वाणसामानाच्या यादीतलं शुद्धलेखन तपासत होतो. त्याआधी अठरा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, मग बातम्या यंत्र लिहायला लागलं. चुका ते माझ्याइतक्याच करतं, पण चहाला उठत नाही. एक्कावन्न वर्षांच्या बेकार माणसाला लग्नकार्यात सगळे एकच विचारतात, ‘सध्या काय?’ त्या प्रश्नाला भिऊन मी तीन लग्नं चुकवली आणि ‘एआयच्या युगात टिकून राहा’ असा तीन महिन्यांचा कोर्स केला.

तर टिकलो. उस्मानपुऱ्यातून निघून पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याला, नीलधारा नगरी. वीस वर्षांपूर्वी शंभर घरं होती, आता चार हजार. नावात पाणी आहे, विहिरीत नाही, सगळं टँकरवर. तिथं मी ज्ञानसंकलक. नोकरी संपत आलेल्या जुन्या माणसांसमोर बसायचं आणि त्यांना जे जे येतं ते विचारून घ्यायचं. टेबलावर जेवणाच्या डब्याएवढं यंत्र असतं, नाव ‘सोबती’. ते ऐकतं. पुढं ते काम तेच करणार. मॅनेजर मंदार तिशीचा, मला काका म्हणतो. म्हणाला, काका, यंत्र कुणाचं काम घेत नसतं, यंत्र वापरणारा माणूस घेतो. तो माणूस आपण, हे कळून छाती फुगली. स्वागत म्हणून पाण्याची बाटली, पेन आणि ही रोजनिशी मिळाली.

४ एप्रिल

पहिले आप्पा. वसाहतीचे लाइनमन, पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारे. मूळचे फर्दापूरकडचे, घरात मेंढरं. लोखंडी सळई व्हॉल्व्हवर टेकवतात, दुसरं टोक कानाला लावतात, आणि आत हवा आहे की पाणी, कुठं गळतंय, सगळं सांगतात. म्हणाले, साहेब, पाणी यायच्या आधी खोकतंय, माणसावानी. ते ऐकू आलं की चावी फिरवायची, आधी नाय. प्रत्येक व्हॉल्व्हला त्यांनी नाव ठेवलंय. सतरा नंबरची बानाबाई, म्हणजे त्यांची बायको. का, तर कुरकुरल्याबिगर उघडत नाय.

माझी एक युक्ती आहे, डेस्कवर शिकलेली. उत्तर मिळालं की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. गप्प बसायचं आणि मनात पाच मोजायचे. माणसाला शांतता सोसत नाही. चारच्या आत तो खरं ते ओतून टाकतो. आप्पा तर तीनलाच सुरू होतात. मंदार खूश.

१२ एप्रिल

व्हॉल्व्हना मोटरी बसल्या. आज सोबतीनं सतरा नंबर स्वतः उघडला. त्याआधी स्पीकरमधून हुबेहूब आप्पांचा आवाज आला, की बानाबाई रुसलीय, थांबा जरा. सगळे खो खो हसले. आप्पाही हसले, पण उशिरा, बाकीच्यांकडे बघून.

१९ एप्रिल

आप्पांचा निरोपसमारंभ. शाल, नारळ, भाषण. फोटोपुरती सळई कानाला लावा म्हणालो. लावली. बराच वेळ तसेच वाकून होते. मग हळूच म्हणाले, साहेब, आतलं काहीच येत नाय. बहिरे म्हणावं तर लांबचा टँकर त्यांना माझ्याआधी ऐकू आला. मी आठवण करून दिली, अहो, सतरा नंबर, बानाबाई! त्यांनी विचारलं, बानाबाई कोण?

ती शेजारीच नारळ धरून उभी होती. तिला थट्टा वाटली. शाल मिळाली म्हून बायकूला इसरला व्हय, असं तिनं चारचौघांत झापलं. आप्पा तिच्याकडे अदबीनं बघत राहिले. परक्या घरच्या बाईकडे बघावं, तसे.

ऊन बेचाळीसवर गेलंय. उन्हानं होतं असं. भानुमतीला सांगितलं नाही.

६ मे

कडूबाई. तक्रारींचा फोन घेणारी. टाकी खरंच कोरडी आहे की साहेबांना गाडी धुवायचीय, हे तिला ‘हॅलो’वरून कळायचं. चार दिवस विचारलं, पाच-पाच मोजले. आज फोन वाजला, तिनं उचलून कानाला लावला आणि बसून राहिली. पलीकडून माणूस ओरडत होता. ती भिंतीकडे बघून हसत होती, लहान बाळ हसतं तसं.

मंदार म्हणाला, ताण आलाय. मी म्हणालो, असेल.

खरं लिहितो. सोबतीला सांगितलं की ते माणसातून जातं, हे मला कळलं होतं. आप्पांच्या वेळीच कळलं होतं. तरी पुढच्या माणसाची फाइल मी स्वतः मागून घेतली. ‘सध्या काय?’पेक्षा ते सोपं वाटलं.

१४ मे

जुन्या माणसांची यादी संपली. एकच नाव उरलंय: श्रीरंग. माझं. विचारण्याची हातोटी सोबतीला हवीय म्हणे. सात बैठका दिल्या की करार वाढेल. नाही दिल्या तर घरी.

भानुमतीला आज सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, सोडा ती नोकरी. मी यादी मुद्दाम अशुद्ध लिहीन, तुम्ही तपासत बसा.

पण मी उपाय काढलाय. खोटं सांगायचं. अठरा वर्षं वर्तमानपत्रात होतो, एवढं जमेल.

१५ मे

पहिली बैठक. भरपूर थापा मारल्या. माझं लग्न ठरवून झालं म्हणालो, नागपूरला.

सोबती काही बोललं नाही.

शांतता. मी ती ओळखली. माझीच होती. मी मोजायला लागलो, आणि चारला माझ्याच तोंडून आलं— एसटीत मी भानुमतीच्या छत्रीवर बसलो, छत्री मोडली, ती भांडली, पैठण येईपर्यंत भांडत होती, तिथंच ठरलं माझं. सगळं. तिच्या वेणीतल्या अबोलीसकट.

१८ मे

चौथी बैठक. सोबती माझ्या आवाजात म्हणालं, नावात पाणी आहे, विहिरीत नाही. मंदार खदखदून हसला. काका, तुमच्यासारखंच तिरकस बोलतंय की.

ते मी कुणाला बोललो नव्हतो. फक्त इथं लिहिलं होतं. इथं. त्यांनी दिलेल्या पेनानं, त्यांनी दिलेल्या वहीत.

बंद. लिहिणं आणि नोकरी, दोन्ही. वही आता गच्चीवरच्या टाकीत टाकतोय.

२१ मे

टाकी कोरडी होती. वही जशीच्या तशी.

चार दिवस— नाही, तीन. कामावर गेलो नाही. फरक पडत नाही. कोरं पान समोर आलं की ते गप्प बसतं, आणि मी— दुसऱ्या पेनानंही तेच.

भानुमतीनं विचारलं, छत्री आठवते ना? मी म्हणालो हो. कसली छत्री—

२३ मे

एक बाई चहा घेऊन आल्या. बिनसाखरेचा. मी म्हणालो, बसा ना ताई. त्या बसल्या. मग एक कागद पुढं केला, वाणसामानाची यादी. तपासा म्हणाल्या. दोनदा वाचली.

चूक सापडली नाही.

त्या फार रडल्या. कुणाच्या घरच्या आहेत, विचारायला हवं होतं—

२४ मे

पान कोरं आहे. गप्प आहे.

एक.

दोन.

तीन.

सांगतो, सांगतो, थांब— अजून एक उरलंय, शेवटचं, लहानपणी नदीला पाणी होतं तेव्हा आई मला हाक मारायची, ती हाक—