हेडलाइट मंद का पडले

३ नोव्हेंबर, सोमवार

हेडलाइट मंद आहेत. दोन्ही. उजवा जास्त.

दिवस लहान झाले म्हणून आता लक्षात आलं. ऑफिस सुटलं की मी हॉस्पिटलवरून हिला घेऊन घरी येतो. लग्नापासूनचा नेम आहे — आधी सायकल, मग स्कूटर, मग ही गाडी. ही तिथे वॉर्डात सिस्टर आहे. दिवसभर पायांवर उभी, आणि वर बसमध्येही उभं राहून यायचं, हे मला बघवत नाही.

आज परतताना गतिरोधक दिसलाच नाही. गाडी आपटली. सांगितलं होतं ना मी, असं ही म्हणाली. सांगितलं होतं, खरं आहे. पण हल्ली ही सगळंच सांगते. पुढे खड्डा आहे. तो सायकलवाला वळतोय. बस थांबतेय, बस थांबली. पूर्वी बरं होतं. गाडीत बसली की हॉस्पिटलचं फाटक ओलांडायच्या आत झोपलेली असायची, तोंड उघडं टाकून. घर आलं की हलवून उठवायचं. आता अख्ख्या वाटेत कॉमेंट्री. वय झालं की माणसं बोलकी होतात.

५ नोव्हेंबर, बुधवार

बॅटरीपासून सुरुवात केली. उगमापासून निघायचं आणि दिव्यापर्यंत यायचं. लोक उलटं करतात. आधी बल्ब बदलतात, मग नशिबाला बोल लावतात. मी हे कुणाकडे शिकलो नाही. गाडीबरोबर आलेलं पुस्तक आणि स्वतःचं डोकं, एवढ्यावर अकरा वर्षं गाडी गॅरेजात गेलेली नाही.

इंजिन चालू ठेवून मीटर लावला. चौदा व्होल्टला जरा कमी. म्हणजे चार्जिंग उत्तम. टर्मिनलवर पांढरी बुरशी साठली होती — गरम पाण्यानं धुतली, ब्रशनं घासली, वरून व्हॅसलिन. मीटरची काच मात्र धुरकट झालीय. आकडा तीनदा वाचावा लागला. नवा मीटर बघायला हवा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवे होते तसेच.

९ नोव्हेंबर, रविवार

सापडला! अर्थची तार. उजव्या दिव्यामागे ती जिथे पत्र्याला आवळलेली असते, तिथे बोल्टखाली गंज. करंट दिव्यापर्यंत जातो, परतायला वाट नाही — मग दिवा उपाशी राहणारच. बोल्ट काढला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, पुन्हा आवळला. मीटरवर स्पष्ट फरक. दिव्याला आता अर्धा व्होल्ट जास्त मिळतो.

लेकीला बोलावून दाखवलं. तिला मी ऑडिटर म्हणतो, कारण चूक काढल्याशिवाय तिला अन्न पचत नाही. तिनं दिव्याकडे बघितलंच नाही. पुढच्या मडगार्डवर उन्हाळ्यात मी ओरखड्यावर रंग मारला होता, त्याकडे बघत बसली. "बाबा, हा पॅच पिवळा आहे." मी म्हटलं, पांढरा आहे, तीन नमुने शेजारी ठेवून निवडलाय. "मग गाडी कुठल्या रंगाची आहे?" पोरीची जीभ आईवर गेलीय. पॅच आणि गाडी यांत सुईच्या टोकाएवढा फरक नाही.

संध्याकाळी हिला आणताना बघितलं. फरक आहे. थोडा. असावा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोन्ही बल्ब नवे टाकले. बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही — बोटाचं तेल लागतं, काच तिथे तापते आणि बल्ब लवकर जातो. रुमालात धरून बसवायचा. गॅरेजवाले घामट हातानं बसवतात.

मग दिव्याची बाहेरची काच. काच म्हणायची, असतं प्लास्टिक. उन्हानं पिवळं पडतं, उजेड आतच अडकतो. पाणी लावून आधी भरड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिश. लोक टूथपेस्ट लावतात. दात घासायला लावावी. काम संपलं तेव्हा काचेत माझं तोंड दिसत होतं.

रात्री ही म्हणाली, दिवे झाले असतील तर एकदा डोळेही दाखवून घ्या. चष्मा मागच्या वर्षीचाच आहे, मी म्हटलं. तर म्हणे, मी चष्मा म्हणाले नाही, डोळे म्हणाले. हिला प्रत्येक माणूस पेशंट दिसतो. सवय आहे, दोष नाही देत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला विचारलं. विचारलं म्हणजे सहज विषय काढला. त्याला आम्ही वॉशर म्हणतो — गाडी घेऊन कोणीही जा, रोग कुठलाही असो, तो आधी वॉशर बदलतो. म्हणाला, तुमचे दिवे मंद? परवा समोरून आलात तेव्हा मला तोंड फिरवावं लागलं, साहेब.

यातून मला धागा मिळाला. दिवे मंद नाहीत, वर बघतायत! उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्याच्या तोंडावर पडतो. वॉशरला अर्थात हे सुचलं नाही. घरी येऊन दोन्ही दिव्यांचे स्क्रू फिरवून झोत खाली घेतला. चांगला खाली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहायचं नव्हतं.

पुलाच्या उतारावर एक माणूस हातगाडी ढकलत चालला होता. काळे कपडे, गाडीला दिवा नाही. हिनं स्टिअरिंगला हात घातला. गाडी हेलकावली, मी ब्रेक मारला. इंजिन बंद पडलं. तो माणूस मागे न बघता तसाच पुढे गेला. त्याला कळलंसुद्धा नाही.

चालत्या गाडीत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हे मी हिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आजही सांगितलं. जरा आवाज चढवून. घरापर्यंत हिचा एक शब्द नाही — ना खड्डा, ना सायकल. ते जास्त लागलं.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "उद्यापासून अंधार पडल्यावर तुम्ही गाडी चालवायची नाही."

मी दिव्यांचं सांगायला लागलो. झोत जास्तच खाली गेला असणार, उजेड पुरला नाही, वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग ठरलं ते असं — पुढच्या रविवारपर्यंत मुदत. तोवर ती बसनं येणार. रविवारी मी दिवे निर्दोष केले तर डोळ्यांचा विषय बंद. नाहीतर तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे मुकाट्यानं जायचं.

मान्य केलं. दिवे आहेत, कुठे जाणार?

१७ नोव्हेंबर, सोमवार

स्टॉपवर जाऊन उभा राहिलो. बस भरलेली. ही मागच्या दारानं उतरली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं दांडा धरून, एकेक पाय टेकत. घोटे सुजले होते. पिशवी मागितली तर म्हणाली, राहू द्या, हलकी आहे. हलकी नव्हती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दिव्यांना करंट सोडणारा रिले बदलला. फ्यूज तपासले. वायर बोटांनी चाचपली, इंच न इंच. दोष नाही.

दोष नाही असं कधी नसतं. शोधणारा कमी पडतो.

हॉलमधली ट्यूबही मंद वाटतेय. ऑडिटर म्हणते, ती गेल्याच महिन्यात बदलली. मग घरात व्होल्टेज कमी येत असेल. उद्या मीटर लावतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

घरात व्होल्टेज बरोबर आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज शेवटचा दिवस म्हणून नीट मांडणी केली. ही ड्यूटीवर. उन्हं उतरल्यावर गाडी मागच्या भिंतीसमोर लावली, भिंतीवर दिव्यांच्या उंचीला खडूनं रेघ मारली. झोत पुन्हा योग्य जागी आणला. रेघेच्या जरा खाली, पुस्तकात दिलाय तसा.

मग गाडीच्या समोर जाऊन उभा राहिलो. उजव्या दिव्याभोवती केस उगवल्यासारखा पसारा. डाव्याभोवती कमी.

अशा वेळी अदलाबदल करायची. उजवा बल्ब डावीकडे, डावा उजवीकडे. पसारा बल्बबरोबर गेला तर बल्ब खराब. जागेवर राहिला तर वायरिंग किंवा काच. बदलले. पसारा जागेवर. वायरिंग तर तपासलेलं. काच घासलेली. मी तिथेच फरशीवर बसलो.

कपडा झटकताना पॉलिशची धूळ उजव्या डोळ्यात गेली. डोळा मिटून चोळला. चोळता चोळता दुसऱ्यानं दिव्याकडे बघितलं.

पसारा जवळजवळ गेला होता. दोन दिवे, दोन वर्तुळं. कडा थोड्या वितळलेल्या, बस्स.

उजवा उघडला, डावा मिटला. दोन्ही दिव्यांना जटा.

पुन्हा केलं. पुन्हा. वीसेक वेळा तरी. गाडीच्या डावीकडे जाऊन केलं, उजवीकडे जाऊन केलं. शेवटी दिवे बंद करून गल्लीतल्या खांबावरच्या दिव्याकडे बघून केलं. त्या खांबाला माझा रिले नाही, माझी अर्थची तार नाही.

दोष भागाबरोबर जात होता.

कुणाला कळलं नसतं. दिवे तर निर्दोष आहेत, ते सिद्ध करता येतं, वॉशरसुद्धा साक्ष देईल. ठरलं होतं ते दिव्यांचं. उद्यापासून ही पुन्हा गाडीत बसली असती, घोटे सुजले नसते. पुलाच्या उतारावर मी जरा जपून चालवलं असतं.

तो हातगाडीवाला रोज त्याच उतारावरून जात असणार.

किल्ली खुंटीला लावली आणि बसनं हॉस्पिटलवर गेलो. ही बाहेर आली, इकडेतिकडे बघितलं.

"गाडी?"

"घरी आहे."

"दोष सापडला?"

"सापडला. उजवीकडे जास्त आहे, डावीकडे सुरू होतोय. वायरिंगचा नाही."

थर्मामीटर बघावा तशी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग भाग बदलायचा असेल."

"भागच."

"मिळतो बदलून," ही म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

बसमध्ये एकच जागा होती. ती मला बसा म्हणाली, मी तिला बस. शेवटी दोघंही उभे राहिलो, जागेवर एक कॉलेजकुमार बसला. उतरताना ती म्हणाली, पायरी उंच आहे. जपून उतरलो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मोतीबिंदू. दोन्ही. उजवा पिकलेला.

डॉक्टरीणबाई आमच्या ऑडिटरपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. पण हात स्थिर. त्यांनी डोळ्याचं मॉडेल उघडून दाखवलं — आत एक भिंग असतं, ते वयानं पिवळं पडतं, धुरकट होतं, उजेड आत नीट पोचत नाही. हे मला समजावायची गरज नव्हती. विचारलं, घासून निघत नाही का? हिनं टेबलाखालून पाय मारला. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, नाही, बदलावंच लागतं.

मग मी नेमके प्रश्न विचारले. नवा भाग किती वर्षं टिकतो? तुमच्याबरोबरच संपेल, म्हणाल्या. मापाचा बसतो की सरसकट एक? मापाचा. बसवताना बोट लागत नाही ना? इथे त्या हसल्या. बोट लावत नाही, काका.

पद्धत बरोबर वाटली. होकार दिला. आधी उजवा, मग डावा. तोवर गाडी उभी.

१० डिसेंबर, बुधवार

उद्या उजवा. ही रजा टाकून बरोबर येणार आहे. भीती वाटत नाही. जेवण गेलं नाही, ते वेगळं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पट्टी काढली.

आपल्या घरातला पडदा निळा आहे. मी त्याला राखाडी म्हणत होतो आणि कोणी मला अडवलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

खाली जाऊन मडगार्ड बघितलं. पॅच जुन्या दातांच्या रंगाचा आहे. लांबून दिसतो. गल्लीच्या टोकावरून दिसत असणार. उन्हाळ्यापासून मी ही गाडी लोकांसमोरून चालवतोय.

ऑडिटरला सांगणार नव्हतो. ती खिडकीत उभीच होती. "कसा आहे रंग, बाबा?"

टिकाऊ आहे, म्हटलं.

८ जानेवारी, गुरुवार

डावाही झाला. ही इतके दिवस बसनंच. रोज स्टॉपवर जातो. पिशवी आता न मागता मिळते.

हिच्या कपाळावर एक बारीक व्रण आहे. लहानपणी पडली होती म्हणे. मी नवा समजून विचारलं.

२९ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी गाडीला परवानगी दिली. हिनं कागद दोनदा वाचला, मग म्हणाली, या उद्या.

३० जानेवारी, शुक्रवार

अंधारात हिला आणलं. पुलाच्या उतारावर हातगाडीवाला होता. लांबूनच दिसला, मी गाडी हळू केली, बाजूनं घेतली. सायकलवाला वळला. गतिरोधक आला. ही काहीच सांगेना. चिडली असेल म्हणून शेवटी बाजूला बघितलं.

झोपली होती. तोंड उघडं टाकून.

घर आलं. दिवे बंद केले. उठवलं नाही.