उजवा गुडघा

वणी,
शनिवार, सकाळ

प्रिय वैष्णवी,

हातात मोबाइल असताना हा माणूस पत्र का लिहितो आहे, असं तुला वाटेल. आठवतं, साखरपुडा झाल्यावर मी तुला एक पत्र पाठवलं होतं? तुझ्या गावात तेव्हा रेंज नव्हती आणि मला लिहायची हौस होती. ते नेमकं तुझ्या बाबांच्या, म्हणजे आमच्या मामाजींच्या, हातात पडलं. घरात आलेला प्रत्येक कागद, विजेच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत, ओसरीवर बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची त्यांची रीत. तुझ्या वेणीची मला सारखी आठवण येते, हे वाक्य त्यांनी अडखळत दोनदा वाचलं आणि सगळी ओसरी हसली, हे तूच मला नंतर सांगितलंस. तेव्हापासून तुमच्या बाभुळगाव तालुक्यात पत्र टाकायचं नाही अशी मी शपथ घेतली होती. अकरा वर्षं पाळली.

तुला माहेरी जाऊन पाच आठवडे झाले. क्वार्टरमध्ये सगळं ठीक आहे, म्हणजे दूध दोनदा उतू गेलं आणि तुळस जगली आहे. तुझी शिलाई मशीन झाकून ठेवली आहे. शेजारच्या लीलाबाई रोज फाटकाशी थांबवून तुझ्या गुडघ्याची चौकशी करतात, आणि मी रोज 'बराय, बराय' म्हणत सायकल दामटतो. काल तुझ्या उर्वशीवहिनींचा फोन आला होता. आईंच्या टाचेत पुन्हा काटा गेला आणि या वेळी पिकला, म्हणाल्या. लेक टेकडीवरच्या देवीच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढेपर्यंत चप्पल घालणार नाही, असं आईंनी बोलून ठेवलेलं. तू रोज त्यांच्या पायांपुढे चपला सरकवतेस आणि त्या बाजूला सारतात, हेही वहिनींनी सांगितलं. पासष्ट वर्षांची बाई कापसाच्या पऱ्हाटीच्या खुंटांतून अनवाणी फिरते आहे. फोन ठेवल्यावर मला पायातले बूट घालून बसवेना.

शर्यतीचं खूळ तुझंच. मला साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि तू म्हणालीस की नुसतं चालणं मला चार दिवसांत नकोसं होईल. यवतमाळला जानेवारीत जोडीनं पळायची अडथळ्यांची शर्यत होती. चौदा अडथळे, दोघांनीही प्रत्येक अडथळा पार करायचा, एक मागे राहिला तर जोडी बाद. मी हसण्यावारी नेलं आणि तू नाव नोंदवून मोकळी झालीस. मग रोज सकाळी कॉलनीमागचं मैदान, सोयाबीनच्या पोत्यांत भरलेली रेती, आणि खाणीनं टाकून दिलेलं डंपरचं ते टायर, माझ्यापेक्षा हातभर उंच. घरी येईपर्यंत कोळशाच्या धुळीनं दोघंही ओळखू येत नसू. इतक्या वर्षांत मी तुला एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

त्या टायरपाशी आधी मी खाली वाकलो आणि तू माझ्या खांद्यावर पाय ठेवलास. मी कोसळलो, माझ्यावर तू, आणि माझी कंबर दोन दिवस धरून राहिली. तू लहानपणापासून कापसाची गाठोडी वाहिलेली, मी टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा. तिसऱ्या दिवशी तू टायरला तळवे टेकवून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चढा." मी तुझ्या मांडीवर, मग खांद्यावर पाय देऊन वर गेलो, पोटावर पडून हात दिला आणि तू वर आलीस. उतरल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर तुझ्या खांद्याला हात लावून तो कपाळाला लावला, चुकून कुणाला पाय लागला की आपण करतो तसा. तू म्हणालीस, "असे पाया पडत बससान तं शर्यत होळीले संपन." पण मी रोज तेवढं करायचोच. तुला ते आवडत असावं. विचारलं कधी नाही.

यवतमाळला आपण बरे पळत होतो. चिखलाच्या पाण्यात मी घाबरलो तेव्हा तू मानगूट धरून मला ओढलंस. जाळीखाली तुझी वेणी अडकली ती मी सोडवली. दहा अडथळे झाले आणि भिंत आली. फळ्यांची, दहा फुटांची, आणि तिच्यासमोरच मांडव, म्हणून सगळी गर्दी तिथं. आपल्या पुढच्या जोडीत नवरा खाली बसला, बायको त्याच्या खांद्यावरून वर गेली, टाळ्या पडल्या. तू पुढे होऊन भिंतीला तळवे टेकवलेस. तेवढ्यात मला मांडवात माझे बाबा दिसले, पांढरी टोपी, हातात काठी. ऑफिसातल्या बबलूनं मला न सांगता त्यांना गाडीत घालून आणलं होतं, आणि तो स्वतः मोबाइल उंच धरून उभा होता. बायकोच्या खांद्यावर पाय देऊन चढणारा मुलगा बाबा पाहणार, आणि सोमवारी सगळं ऑफिस पाहणार. तू "चढा" म्हणालीस. दोनदा म्हणालीस. आणि मी शिट्टीवाल्या माणसाला बोलावून सांगितलं, हिचा गुडघा गेला.

तुझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस, मग खाली बसलीस आणि उजवा गुडघा धरलास. कोणता धरायचा, हे ठरवायलाही मी तुला वेळ दिला नव्हता. तू उजवा धरलास आणि तेव्हापासून आजपर्यंत एकदाही चुकून डाव्या पायानं लंगडली नाहीस. माझी लाज झाकायला.

पुढचं मी तुला नीट सांगितलेलं नाही. बबलूचा तो व्हिडिओ सगळीकडे फिरला, बायकोसाठी शर्यत सोडणारा नवरा म्हणून. ऑफिसात शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार झाला. मला आदर्श पती म्हणाले. मी उठून दोन शब्द बोललोसुद्धा, वैष्णवी, आणि बोलताना मान वर केली नाही, तो सगळ्यांना माझा विनय वाटला. नारळ मी वाटेतल्या देवळात ठेवला. शाल कपाटात तुझ्या साड्यांखाली दडवली आहे.

तोच व्हिडिओ पाहून आईंनी तुला माहेरी बोलावून घेतलं आणि चपला सोडल्या. मला कळलं तेव्हा मी फोनवर म्हणालो, बरा झाला म्हणून सांग, पायऱ्या चढ, मिटलं. तू म्हणालीस, "म्हंजे देवीच्या माथी बी खोटं मारू? दुखनं तुमी देलं, तुमीच उतरवा." आणि फोन ठेवलास. मागच्या रविवारी मी आलो तो तेच उतरवायला. एसटीत वाक्य पाठ करत आलो होतो. ओसरीवर मामाजी, दादा, वहिनी, सगळे बसलेले. आई चहा घेऊन आल्या, टाचेला चिंधी बांधलेली. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, साखर कमी आहे. मला साखर आहे म्हणून त्यांनी मुद्दाम फिका केलेला चहा. त्या तशाच अनवाणी, अंगणातल्या गिट्टीवरून, चुलीकडे परत गेल्या. तू दारात उभी होतीस. रागावली नाहीस, फक्त लंगडत आत गेलीस. तो गोड चहा मी सगळा प्यायलो.

काल बाबांना सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "मी तं तुमी जिंकता का, ते पाहाले आलतो. कोन कोनाच्या खांद्यावर चढलं, याचं मले काय करा लागते?" आणि पुन्हा सुपारी कातरू लागले. ज्या नजरेला भिऊन मी तुला चारचौघांत खाली बसवलं ती नजर तिथं नव्हतीच. हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. उलट लाज दुप्पट झाली. ऑफिसात सोमवारी सांगणार आहे, शाल परत देऊन.

आता पत्र कशासाठी, ते. तोंडानं मला सांगता येत नाही, हे तू रविवारी पाहिलंस. फोनवर सांगितलं तर ते तुझ्या एकटीच्या कानात राहील, आणि तुला ते माहीतच आहे. म्हणून पाकिटावर मी तुझं नाव घातलेलं नाही, मामाजींचं घातलं आहे. म्हणजे हे सगळं आत्ता ओसरीवर मोठ्यानं वाचलं जात असेल. मामाजी, थांबू नका, ही ओळ हवी तर दोनदा वाचा. तुमच्या लेकीचा खांदा माझ्याहून भक्कम आहे, लोकांदेखत त्यावर पाय द्यायची मला लाज वाटली, आणि म्हणून मी तिला लंगडी केलं. आई, वैष्णवीचा पाय धड आहे. ती खोटं वागली ते माझ्यासाठी, तिला बोल लावू नका. देवीला काय सांगायचं ते मी सांगेन. उद्याच्या नाही, पुढच्या रविवारी येतो, तुमच्या बोललेल्या पायऱ्या मी अनवाणी चढेन आणि मग तुम्ही माझं काय करायचं ते करा. आणि वैष्णवी, तू आता ऊठ. सगळ्यांसमोर सरळ चालत जा आणि आईंच्या चपला आणून दे.

तुझाच,
इंद्रजित