कोसीची रेघ आणि खोली नंबर तीन

मी, सगुणा वामन मढवी, वय एकाहत्तर, राहणार तळवली गाव, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, आजारही नाही. परवा गुरुवारी कुर्ल्याहून पाटण्याची गाडी आहे. खोपोलीपुढे कधी न गेलेली बाई बिहारला निघते म्हणून वकीलबाई श्रुती कामत म्हणाल्या, आधी कागद करून जा. आनंदाने अक्षर हलते आहे, त्याचा दुसरा अर्थ काढू नये.

१. पाटल्या व ठुशी मुलगी सोनलला. बँकेतली ठेव सोनल आणि कुंदनला निम्मी निम्मी. नात मनस्वीला माझा नकाशांचा संग्रह. तो दुसरे कोणी मागणारही नाही.

२. राहते घर व मागच्या आठ खोल्या मुलगा कुंदनला. मात्र खोली नंबर तीन रामसेवक मंडल व त्याच्या कुटुंबाला हयातभर राहायला द्यावी, भाडे घेऊ नये. कुंदन, तू म्हणालास, "आई, बिल्डिंग पाडून टॉवर झाला की खोली कुठून देनार?" टॉवरमध्येही घरे असतात. त्यातले एक द्यावे.

३. हे का, ते लिहिणे भाग आहे. शहरासाठी आमची भातशेती गेली तेव्हा यजमानांनी या खोल्या बांधल्या. भाडेकरू आले ते बहुतेक गंगेच्या मुलखातले. मी सातवीत शाळा सोडलेली. गंगा देशातली सर्वांत लांब नदी, एवढेच पाठ होते. बाकीचा भूगोल मला भाडेकरूंनी शिकवला. इटाव्याच्या वेल्डरने सांगितले, चंबळ आधी यमुनेला मिळते आणि मग यमुना प्रयागला गंगेत जाते. घाघरा आणि गंडक हिमालयातून उतरतात. डेहरीचा रंगारी म्हणाला, आमची शोण मात्र दक्षिणेकडून येते. अमरकंटकाला नर्मदेच्या शेजारीच जन्मते, पण नर्मदा पश्चिमेला जाते आणि ही गंगेकडे. ते ऐकताना माझा भात करपला होता. हे सगळे मी खोली नंबर तीनच्या भिंतीवर सुताराच्या पेन्सिलीने काढत गेले.

कोसी रामसेवकने काढली. तो गवंडी, सुपौल जिल्ह्यातला, त्या खोलीत नऊ वर्षे राहिला. मला माई म्हणायचा. कोसीची रेघ ओढून, तिच्यापासून बऱ्याच पूर्वेला ठिपका देऊन म्हणाला होता, "ये अपना गाँव."

२००८ च्या ऑगस्टमध्ये त्याला गावाहून फोन आला. तो पेन्सिल घेऊन त्या ठिपक्यावरूनच नवी रेघ ओढू लागला. "माई, बाँध टूट गया. कोसी रास्ता बदल दी. गाँव में पानी है."

मी पेन्सिल काढून घेतली. म्हणाले, "नदी काय भाडेकरू हाय, घर बदलाला? भाड्यात सूट पायजे तर सरळ सांग."

तो पिशवी घेऊन गेला. संध्याकाळी टीव्हीवर सगळे दिसले. त्याचा फोन लागला नाही, पुढेही कधी लागला नाही.

यंदा संक्रांतीनंतर एक मुलगी दारात आली. वाशीला नर्सची नोकरी लागली म्हणाली. "सगुणा माई आप ही हैं? मैं कंचन. रामसेवक मंडल की बेटी."

रामसेवक जिवंत आहे. त्या पुरात त्याची आई गेली. तिला खोली नंबर तीनमध्ये नेऊन, तो परत का आला नाही, असे मी विचारले. कंचन भिंतीवरच्या रेघेकडे बघत होती. म्हणाली, "नदी को तो बाँध जोड़के पुराने रास्ते पे ले आए, माई. पापा को कौन लाता?"

तिच्याच फोनवरून मी त्याला फोन लावला. "रामसेवक, मी चुकले. तू खरं बोलत होतास." तो म्हणाला, "आइए माई. कोसी दिखाता हूँ."

त्या दिवसापासून मी पिशवी भरते आहे आणि पुन्हा उपसते आहे. पाटण्याला उतरले की समोरच हाजीपूरला गंडक मिळताना दिसेल. मग सुपौल. मग कुरसेला, जिथे कोसी गंगेला मिळते. मनस्वी सोबत आहे. रामसेवकला खोलीची किल्ली मी स्वतः देणार आहे. त्याने घ्यावी की नाही, हा त्याचा प्रश्न.

४. दीर दिनानाथ यांनी एका गणपतीत भिंतीला चुना मारताना माझी यमुना प्रयागपासून दिल्लीपर्यंत पुसली. त्यांना चुन्याचा ब्रश द्यावा. राग नाही, पण विसरलेलेही नाही.

५. प्रवासात मला मरण आले तर देह तळवलीला आणण्याचा खटाटोप करू नये. जी नदी जवळ असेल तिच्या काठी उरकावे. लहान असो, नाव ठाऊक नसो, चालेल. त्या मुलखातले पाणी शेवटी गंगेलाच जाते, हे मी आठही खोल्यांत विचारून खात्री करून घेतले आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही केली.

सही: सगुणा वामन मढवी

आम्हां दोघांसमोर सगुणाबाईंनी सही केली, त्यानंतर आम्ही केली:
१. ॲड. श्रुती कामत, सानपाडा
२. हौसेराव जगदाळे, कळंबोली

तपासले, प्रकृती व मनःस्थिती उत्तम: डॉ. वैदेही सामंत

ठिकाण: तळवली, नवी मुंबई
दिनांक: १० फेब्रुवारी २०२६