साडेआठची मुक्कामी

८ सप्टेंबर
अ‍ॅडमिशन झालं!!! बी.टेक. मेकॅनिकल, खामगाव, इव्हिनिंग बॅच — फक्त डिप्लोमा झालेल्या नोकरीवाल्यांसाठी. दिवसा ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंग, संध्याकाळी इंजिनियर! आईनं शेजारी पेढे वाटले. बाबांनी अट घातली — "साडेआठच्या मुक्कामी गाडीनंच घरी यायचं, मयुरी. एक दिवस बी गाडी चुकली, का कॉलेज बंद." मी म्हटलं हाव हाव हाव! त्या टायमाले त्यांनी काहीही मागतलं असतं तरी हावच म्हटलं असतं.

९ सप्टेंबर
टाइमटेबल आलं. शेवटचं लेक्चर पावणेनऊले संपते. गाडी साडेआठची.
मेली मी.

१० सप्टेंबर
लेक्चर अर्धं सोडून पळाली. सर बोर्डावर लिहूनच राह्यले होते. गाडीत बसली अन् रडूच आलं. कंडक्टर वंदनाताईनं तिकीट फाडता-फाडता — म्हणजे मशीनमधून काढता-काढता — इचारलं, "काऊन वं, काय झालं?" सगळं सांगून टाकलं. ती फक्त "हं" म्हणाली.

११ सप्टेंबर
आज पूर्ण लेक्चर केलं!! म्हटलं जे होईल ते होवो. धापा टाकत स्टँडवर — अन् गाडी उभी! ड्रायव्हर जीवनभाऊ हॉर्न वाजवून-वाजवून थकलेले. वंदनाताई तिकिटाच्या मशीनले थापडा मारून राह्यली. "काय करू, हँग झालं ना!" मी पायरीवर पाय ठेवला अन् मशीन चालू.
मागून रज्जाकचाचा, बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन — "वा! मशीन को बी इंजिनियरच लागते!" सारी गाडी हसली.

१५ सप्टेंबर
मशीन रोज हँग होते. 😀 जीवनभाऊ म्हणतात, "डेपोत तक्रार करतो या मशीनची." करत नाहीत.
स्टॉपवर बाबा बॅटरी घेऊन उभे असतात. गाडी रात्री आमच्या पिंपळगाव राजातच झोपते, मंग आई वंदनाताई अन् जीवनभाऊसाठी भाजी पाठवते. बाबांले वाटते गाडी नेहमीच लेट असते. वाटू दे!

१९ सप्टेंबर
मी जन्मजात टीचर आहे!! रोज गाडीत वंदनाताईले लेक्चर सांगते. ती तिकिटं आटोपून माझ्या बाजूले येऊन बसते. आज अ‍ॅडिअबॅटिक प्रोसेस — कुकरचं एग्झाम्पल दिलं. तर म्हणते, "मंग गामा कोणता घ्यायचा? हवेचा?"
गामा मी अजून शिकवलाच नव्हता! एवढं फास्ट समजते तिले! सगळी माझी कमाल.

२२ सप्टेंबर
माझी काहीच कमाल नाही.
वंदनाताई डिप्लोमा मेकॅनिकल आहे. फर्स्ट क्लास!! मंग लग्न झालं, पोरगा झाला, एसटीची भरती निघाली. मी म्हटलं, "आधी काऊन नाही सांगतलं?" तर म्हणे, "तू एवढी मजेत शिकवून राह्यली होती. अन् मलेही लय वर्षानं कोणी शिकवून राह्यलं होतं." मले एवढी लाज वाटली अन् एवढं हसू आलं. दोघी हसतच राह्यलो. रज्जाकचाचा — "अरे हमको बी तो बताव!"

२३ सप्टेंबर
डिप्लोमा आहे. नोकरी आहे. आमच्या बॅचले जागा खाली आहेत. अजून काय पाह्यजे??

२४ सप्टेंबर
वंदनाताईले म्हटलं, तूही अ‍ॅडमिशन घे. "वेडी झाली का बे," म्हणाली. मी सोडते का! पिंपळगाव येईपर्यंत मागं लागली. शेवटी म्हणते, "संध्याकाळच्या ड्युटीचं काय?" मी ताबडतोब — "दिवसाची मागून घे! रोज रात्री परगावी झोपायचं टळेल, खामगावात पोराजवळ राहशील." ती खिडकीतून बाहेर पाहत बसली.
किती सिंपल सोल्युशन! मीच काढलं!

२९ सप्टेंबर
तिनं अर्ज दिला! डेपोत बी, कॉलेजात बी! मी नुसती उड्या मारून राह्यली. शोरूममध्ये एका काकांच्या ट्रॅक्टरमध्ये ऑइल टाकाचंच राहून गेलं. टाकलं नंतर.

६ ऑक्टोबर
मिळालं!! अ‍ॅडमिशन मिळालं, दिवसाची ड्युटी मिळाली. उद्या वंदनाताई माझ्या बेंचवर! तिच्यासाठी नवा कॅल्क्युलेटर आणला. जीवनभाऊ तेवढे उदास दिसले. "नवा कंडक्टर लय टायमाचा पक्का हाय," म्हणाले. म्हटलं, चांगलंच आहे ना!

७ ऑक्टोबर
पहिला बेंच, दोघी. सरांनी प्रश्न इचारला की दोघींचे हात एकदमच वर. पावणेनऊले सुटलो. हसत, भजे खात, आरामात स्टँडवर आलो. फलाट रिकामा.
एकमेकींकडं पाह्यलं. दोघींच्याही डोक्यात एकाच टायमाले आलं — आज मशीन कोण हँग करणार होतं?

त्याच रात्री, वंदनाताईच्या घरून
बाबांचा फोन वाजून-वाजून थकला. माझी उचलायची हिंमत नव्हती. शेवटी वंदनाताईनं उचलला. "किसनभाऊ, पोरगी गाडीत नाही. कंडक्टरच्या घरी हाय." मंग तिनं सगळंच सांगितलं — रोज मशीन काऊन हँग होत होतं तेही.
 मले वाटलं संपलं, कॉलेज गेलं.
मंग बाबा म्हणाले, "जेवल्या का दोघीजणी?"