आधी रिकामं बारदान

टिळकवाडी, बेळगाव
ता. ७ मार्च १९३८

ती. सौ. आक्काच्या पायांशी परशरामचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

शेंगाची चटणी पोचली. प्रयोगशाळेतल्या रवळूने चव बघतो म्हणून निम्मी संपवली.

आपल्या आप्पांचा भाजलेला तळहात तुला आठवतोच. भांडी ओतताना साच्यात पितळ नीट धावतंय की नाही, हे पाहायला ते सळई घालायचे आणि त्यातच एकदा हात पोळला. वाहत्या धातूचा वेग हात न लावता कळेल का, हे वीस वर्षं माझ्या डोक्यात आहे. गेल्या आठवड्यात लाकडी ताटात पारा घेऊन ते चाकावर फिरवलं. वारा लागू नये म्हणून वर काच ठेवली आणि काचेच्या वर शहापुरी रेशमाच्या धाग्याला लोहचुंबक टांगलं. ते पाऱ्याला शिवत नाही, तरी पारा फिरला की त्याच्यामागे वळतं. चुंबकाजवळून धातू वाहिला की त्यात वीज उठते आणि ती चुंबकाला सोबत ओढते. चांगलं चार अंश वळलं!

भरात प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगून बसलो. येत्या रविवारी ते मुंबईच्या एका प्रोफेसरांना आणताहेत. त्यांनी खरं म्हटलं तरच कॉलेज हे काम पुढे चालू देईल. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. चार अंश माझ्या अंदाजापेक्षा जास्त आहेत. आनंदात मी काही पाहायचं विसरलो का?

दाजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा परशराम


निपाणी
ता. ९ मार्च १९३८

चि. परशरामास आक्काचा पोटभर आशीर्वाद.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. वखारीत तंबाखू तोलून तोलून हे सगळं जग तराजूनंच मापतात. त्यांनी विचारलं, मेव्हण्यानं धडा केलाय का न्हाय? तंबाखू चढवायच्या आधी हे रिकामं बारदान पारड्यात टाकतात आणि त्याच्याइतका दगड दुसरीकडं ठेवतात. न्हायतर पोत्याचं वजन तंबाखूच्या नावावर चढतं. तुझं चाक आणि ताट हे बारदानच की रं. पारा काढ आणि रिकामं फिरवून बघ.

एवढं शिकून हे सुचलं न्हाय म्हणून हे लई हसले. मी दटावलं, की कॉलेजात तंबाखू तोलत न्हाईत. भिऊ नकोस. आप्पा फुटकं भांडं कधी खपवायचे न्हाईत, परत वितळवायचे. तूही तसंच कर. पण आधी जेव.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून,
आक्का


टिळकवाडी, बेळगाव
ता. १४ मार्च १९३८

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.

पत्र गुरुवारी मिळालं. लगेच रिकामं ताट फिरवलं. चुंबक तीन अंश वळलं, आक्का! चाकाला लोखंडी खिळे होते, माझ्या हातानेच ठोकलेले. ते चुंबकाला ओढत होते. सगळे उपटून लाकडी खुंट्या मारल्या. मग रिकाम्या ताटावर चुंबक हललं नाही. पारा घातल्यावर वळलं, एकच अंश. पण तो अंश पाऱ्याचा.

प्रिन्सिपॉलसाहेबांकडे जाऊन चाराचा एक केला. रविवारी प्रोफेसरांनी पाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी रिकामं ताट फिरवा, म्हणाले. फिरवलं. चुंबक निश्चल. तुझं पत्र आलं नसतं तर माझी मान तिथेच खाली गेली असती. काम पुढे चालणार आहे.

ही काळजी घ्यायला कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. निपाणीच्या वखारीत माझे दाजी तोलार आहेत, त्यांच्याकडून, असं मी सांगितलं. पण सांगण्याआधी माझी जीभ क्षणभर अडली. तेही तुला कळलेलं बरं. दाजींची क्षमा मागतो. तुम्हा दोघांचे उपकार कोणत्या शब्दांत सांगू?

तुझा ऋणी,
परशराम


निपाणी
ता. १७ मार्च १९३८

चि. परशरामास अनेक आशीर्वाद.

आप्पांची सळई कापडात बांधून मोटारीनं पाठवली आहे. वापरू नकोस, नुसती समोर ठेव.

जीभ अडल्याचं ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, अडली तेवढं बारदान वजा केलं. बाकी माल चोख आहे.

तुझीच,
आक्का