चकामागची प्लेट

४ जुलै
सेकंडहँड लेथ मुरब्याला, आमच्या पडवीत आला. चक, म्हणजे काम पकडणारा जबडा, वेगळा मिळाला; तो स्पिंडलवर, लेथच्या फिरत्या दांड्यावर, बसत नाही. मध्ये प्लेट हवी: मागे लेथचे आटे, पुढे चक घट्ट बसेल असा उंच गोल काठ. ड्रॉइंग काढलं. बी.एस्सी.ला हे कुणी शिकवलं नाही.
बोट मासेमारीच्या बंदीत वर ओढलेली आहे तोवर तिच्या पंख्याच्या शाफ्टचा बुश, शाफ्ट ज्यात फिरतो ती पितळी नळी, मी घरीच करणार, असं सांगून बसलेय. बाबा म्हणाले, "नाय जमला तर बोयसरला टाकू. बुश डुगडुगला तर दर्यात मी असेन, तू नाय."

११ जुलै
ड्यूटी सुटल्यावर बोयसरच्या वर्कशॉपमधून प्लेट आणली. मागचे आटे पाडलेले, पुढचं काम माझ्या लेथवर. टर्नर हसला: "मैडम, ढोकले की थाली बनवाई क्या?" रिक्षात मांडीवर धरून आणली. ड्रेसला ग्रीस.

१२ जुलै, रवि.
प्लेट स्पिंडलवर घट्ट केली. बारीक कट घेत तोंड सरळ केलं, काठ उतरवला. चक टकदिशी बसला. डायल टेकवून चक फिरवला, सुई जागची हलेना: अगदी मध्यावर. आईला दाखवली. "हलत नाय? बिघडली काय?" खूप हसलो.

१४ जुलै
प्लेट काढली, दोन्हीकडून पुसली, परत लावली. सुई नाचतेय. तीच प्लेट, तोच चक. तीनदा काढून लावली. आटे खराब? स्पिंडल वाकडा? मग परवा कसं...
बाबा: "झाला काय बुश?" होतोय म्हटलं.

१६ जुलै
पुसायच्या फडक्यावर लाल-पिवळं होतं. मला गंज वाटला होता. आज आईला विचारलं.
"लेथ आला तवा हळदकुंकू लावलं ना. बाहेर सगळा तेलकट, लागंना. मंग तू पुसून ठेवलेलं, चकचकीत, तिथं लावलं."
तिथं म्हणजे स्पिंडलच्या खांद्यावर, प्लेट टेकते तिथेच. सुकून पापुद्रा. घाईत मी पाहिलंच नाही. प्लेट त्यावर तिरकी बसली आणि तिरकी असतानाच मी तिला सरळ केलं; पापुद्रा पुसल्यावर ती नीट बसते, पण तोंड तिरकं. म्हणजे पुसलं ते चुकलं का?
आईला काही बोलले नाही. बोटीच्या इंजिनालाही ती दरवर्षी लावते. ते चालतं.

१७ जुलै
बाबांना सगळं सांगितलं. "मंग लाव परत हळदकुंकू, त्याच जागी." गंभीरपणे. हसू आलं, मग वाटलं, का नाही? पण दर वेळी तेवढंच जाड कसं लागणार? तोंड पुन्हा सरळ करायचं तर काठही छाटला जाईल, चक ढिला बसेल. दुसरी प्लेट बंदी उठायच्या आत नाही मिळणार, वर्कशॉपवाला म्हणाला.

१९ जुलै, रवि.
खांदा स्वच्छ केला, पुन्हा कट घेतला. चक आता ढकलला की सरकतो. बोल्ट अर्धे आवळून, लाकडाने ठोकत ठोकत मध्यावर आणला, मग पुरते आवळले. सुई जवळजवळ थांबली. जवळजवळ म्हणजे दर्यात किती?
आई कुंकवाचा करंडा घेऊन दारातच थांबली. "आता कुठं लावू, सांग." मोटरच्या पत्र्यावर जागा पुसून दिली. घोळ कुंकवाचा होता हे तिला कुणी सांगितलं?
लाइट नाही. बाबा बुशसाठी पितळेचा तुकडा घेऊन लेथपाशी बसलेत. बोयसरचं नाव अजून काढलेलं नाही.